बिदरला थोडाच वेळ थांबणार असाल तर

उदगीरहून हैदराबादला निघालेली मावशीची मंडळी वाटेत बिदरला थांबली. वेळ थोडाच, म्हणून त्यांना आधी महमूद गावानच्या मदरशात नेलं.

गावान मूळचा इराणमधल्या गिलानचा, बहमनींचा वजीर. ही वास्तू त्याने १४७२ मध्ये उभारली. उरलेल्या मिनारावरच्या रंगीत फरशा जवळ जाऊन बघाच!

मग किल्ला. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्यांचे तुकडे जडवलेत. माझ्या मते बिदरमधलं सर्वांत देखणं काम हेच. कुलूप दिसलं तर किल्ल्यातल्या संग्रहालयात विचारा.

शेवटी बिदरी कारागीर. जस्त-तांब्याच्या भांड्यावर कोरून त्यात चांदीची तार ठोकतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की भांडं काळंभोर होतं, चांदी मात्र तशीच चमकत राहते.

मुलांना घेऊन येताय? काहीही विचारा, सांगतो.