शीतखोलीतल्या फिती

पंकची लाट ओसरल्यावर इंग्लंडमध्ये जे जे वेडंवाकडं आणि नवं संगीत निघालं, ते रेकॉर्ड विकणाऱ्यांनी ‘न्यू वेव्ह’ नावाच्या एकाच खणात कोंबलं. ‘धिस हीट’ हा बँड त्याच खणात सापडायचा, पण शेजारच्या रेकॉर्डींशी त्याचं नातं नावापुरतंच. १९७६ मध्ये दक्षिण लंडनमध्ये तिघे जमले. चार्ल्स हेवर्ड ड्रम वाजवायचा आणि गायचा. चार्ल्स बुलनच्या हातात गिटार, क्लॅरिनेट, व्हायोला. तिसरा गॅरेथ विल्यम्स रेकॉर्डच्या दुकानातला माणूस. ऐकलं भरपूर होतं, शिकला काहीच नव्हता. पहिल्या दोघांना नेमका असाच माणूस हवा होता. बोटांना वळण नसलेला माणूस ऑर्गनवर काय करेल याचा अंदाज तयार वादकाला बांधता येत नाही, आणि त्यांना अंदाजाबाहेरचंच हवं होतं.

१९८२ मध्ये बँड संपला. हयातीत दोन अल्बम आणि एक ईपी, बस्स. बाकी सगळं फितींवर राहिलं आणि गेली तीसेक वर्षं ते हप्त्याहप्त्यानं बाहेर येतंय. हरवलेला ठेवा सापडला, असा गाजावाजा अशा प्रत्येक खेपेला होतो. मला तो इथे जरा गैरलागू वाटतो, कारण या तिघांनी फीत कधी आठवण म्हणून जपलीच नाही. ती त्यांचा कच्चा माल होती.

ब्रिक्स्टनमध्ये मांस साठवण्यासाठी बांधलेली आणि पुढे वापरातून गेलेली एक शीतखोली त्यांनी तालमीसाठी घेतली. तिचं नाव ‘कोल्ड स्टोरेज’च ठेवलं. तालमी साध्या कॅसेटवर टिपायच्या, त्यातला जमलेला तुकडा कापायचा आणि स्टुडिओतल्या चकचकीत ध्वनिमुद्रणाला बेधडक जोडायचा, ही त्यांची रीत. १९७९ च्या पहिल्या अल्बममध्ये म्हणूनच आवाजाचा पोत मध्येच बदलतो. आत्ता वाद्य कानाशी होतं, पुढच्या क्षणी ते भिंतीपलीकडे गेलेलं असतं.

त्या अल्बममधला ‘ट्वेंटी फोर ट्रॅक लूप’ मुद्दाम ऐकावा. स्वतःच्याच वादनाचा एक लहानसा तुकडा घेऊन तो चक्राकार फिरवत ठेवला. मग मिक्सिंगच्या टेबलावर बसून एकेका ट्रॅकचा आवाज वर-खाली केला, यंत्रानं स्वर चढवले, उतरवले. त्यात नव्यानं कुणी काही वाजवतच नाही. टेबलावरचे खटकेच तिथे वाद्य होतात. नव्वदीतल्या नाचाच्या क्लबांत जे पुढे रोजचं झालं, ते इथे दहा-बारा वर्षं आधी ऐकू येतं. याचंच वीस मिनिटांचं रूप ‘रिपीट’ या नावानं १९९३ मध्ये निघालं, आणि आधीची आवृत्ती म्हणजे नुसता नमुना होता हे तेव्हा लक्षात आलं. १९८० च्या ईपीच्या दुसऱ्या बाजूला तर असा तुकडा आहे, जो तबकडीच्या कोणत्याही वेगावर चालवावा.

आपल्याकडे खासगी मैफलींच्या स्पुलांना मान आहे. स्टुडिओतला गवई आवरून-सावरून बसलेला, मैफलीतला खरा, अशी आपली धारणा असते आणि ती बरीचशी बरोबरही आहे. धिस हीटकडे हा हिशेब घेऊन गेलात तर फसाल. त्यांची थेट वाजवलेली चीज मूळ आणि अल्बममधली नक्कल, असं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच कामाचे टप्पे आहेत.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते बीबीसीच्या फितींमध्ये. जॉन पील या निवेदकानं १९७७ मध्ये त्यांना दोनदा ध्वनिमुद्रणाला बोलावलं, म्हणजे पहिला अल्बम निघायच्या दोन वर्षं आधी. ही मुद्रणं ‘मेड अव्हेलेबल’ नावानं १९९६ मध्ये आली. ‘मेकशिफ्ट स्वाहिली’ तिथे तिघांनी सलग, दात-ओठ खाऊन वाजवली आहे. हीच रचना १९८१ च्या ‘डिसीट’ अल्बममध्ये येते तेव्हा शेवटाकडे आवाज एकदम खरबरीत होतो आणि वेगळ्याच मुद्रणात शिरल्यासारखं वाटतं. दोन्ही पाठोपाठ ऐकली की चार वर्षांत काय झालं ते कळतं: वाजवणारा बँड कापणारा आणि जोडणारा बँड झाला.

‘डिसीट’वर अणुयुद्धाच्या भीतीचं सावट आहे. त्यातल्या एका गाण्याचे शब्द म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला मजकूर. त्या अल्बमवर पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे एवढं पुरे.

त्यानंतर विल्यम्स उठून कथकली शिकायला केरळात गेला. उरलेल्या दोघांनी नवे साथीदार घेऊन शेवटचा दौरा केला आणि दुकान बंद केलं. परतल्यावर विल्यम्सनं मेरी करी हिच्यासोबत ‘फ्लेमिंग ट्यून्स’ नावाची घरगुती कॅसेट केली. ती १९८५ मध्ये आली. मृदू, अंगणात बसून वाजवल्यासारखी गाणी. पुढे कुणी तरी तीच गाणी ‘धिस हीटची अखेरची कच्ची मुद्रणं’ अशा चिठ्ठीखाली चोरून विकली, आणि रसिकांनी ती तशीच ऐकली. मेरी करीचं नावच पुसलं गेलं. अधिकृत आवृत्ती यायला २००९ उजाडलं. विल्यम्स २००१ मध्येच कर्करोगानं गेला होता. संग्राहकांच्या उत्साहाबद्दल मी थोडा सावध असतो तो अशा प्रकारांमुळे.

धिस हीट एकटाच नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा ‘पायलन’ हा बँड १९८३ मध्ये थांबला. २०२० मध्ये त्यांचा चार तबकड्यांचा संच आला, त्यातली ‘रॅझ टेप’ १९७९ ची, पहिल्या सिंगलच्याही आधीची. गायिका व्हॅनेसा ब्रिस्को तिथे अजून स्वतःचा आवाज चाचपतेय, आणि तेच ऐकण्यासारखं आहे. गिटारवादक रँडी ब्यूली मात्र हा संच पाहायला राहिला नाही. कार्डिफच्या ‘यंग मार्बल जायंट्स’ची घरची कच्ची मुद्रणंही अशीच मागाहून निघाली. मुंबईचे चरणजित सिंग यांची गोष्ट थोडी निराळी. सिंथेसायझर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवलेली त्यांची रेकॉर्ड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं काढली होती, म्हणजे ती कपाटात कधी पडून नव्हती. कुणी विचारलं नाही, एवढंच. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या दुकानात मिळाली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. तोवर तशाच आवाजाच्या, शिकागोच्या ॲसिड हाउस या नाचाच्या संगीताचा गवगवा होऊन वीसेक वर्षं लोटली होती.

जुन्या फिती वाचवण्याच्या या कामात घाई आहे, तिला रसायनाचं कारण आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ स्पूल फितींवर लोहाची भुकटी धरून ठेवणारा लेप हवेतली ओल शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत लावली की ती किंचाळते, अडखळते, भुकटी यंत्राच्या हेडला चिकटते आणि संगीत खरवडलं जातं. उपाय ऐकायला विचित्र आहे: पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद उष्णतेत कित्येक तास फीत चक्क भाजायची. ओल उडते, फीत काही आठवडे चालते, तेवढ्यात तिची प्रत काढून घ्यायची. काय भाजायचं आणि काय सोडायचं, हे मात्र कुणी तरी ठरवावंच लागतं. सगळंच जपा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खर्चाचं बिल बघावं.

धिस हीटच्या बाबतीत ठरवायला स्वतः वादक होते, हे नशीब. २००६ मध्ये ‘आउट ऑफ कोल्ड स्टोरेज’ हा सहा सीडींचा संच आला, २०१६ मध्ये तबकड्या नव्यानं निघाल्या. त्याच वर्षी हेवर्ड आणि बुलन लंडनच्या ‘कॅफे ओटो’त पुन्हा उभे राहिले, ‘धिस इज नॉट धिस हीट’ असं नाव लावून. सोबत वादकांचा ताफाच होता. तिघांनी फितींच्या थरांतून उभं केलेलं थेट वाजवायचं तर तितके हात लागणारच.

नव्यानं ऐकणाऱ्यानं ‘डिसीट’पासून सुरुवात करू नये, सगळे तिथूनच करतात तरीही. आधी पीलची १९७७ ची मुद्रणं, मग पहिला अल्बम, मग ‘रिपीट’. ‘फ्लेमिंग ट्यून्स’ वेगळी ठेवावी आणि मेरी करीचं नाव घेऊन ऐकावी.