६७५ पटींची दुर्बीण

मुलांनो, ‘६७५ पट मोठे दिसेल! शनीची कडी घरबसल्या पाहा!’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, की हात शिवशिवतात ना? आमच्या शाळेतल्या एका मुलीने भाऊबीजेच्या ओवाळणीतून अशीच दुर्बीण मागवली. सगळ्या पटी लावून चंद्र पाहिला, तर तो दुधात भिजलेल्या बिस्किटासारखा! विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘खोका उघडला आहे. माल परत घेतला जाणार नाही.’

आता गंमत पाहा. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा नि त्याची दुप्पट करा. साधारण तेवढ्याच पटींपर्यंत चित्र स्पष्ट राहतं. त्यापुढे ते नुसतं फुगतं नि पुसट होतं. तिचं भिंग भरलं ५० मिलिमीटर. म्हणजे फार तर १०० पट! (आणि खरं सांगू? एवढ्या पटी लागतात तरी कशाला? गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, ते जेमतेम २० पटींच्या दुर्बिणीतून.)

तक्रारीत ‘आम्हाला फसवलंत’ एवढंच लिहिलं, तर समोरचा हात झटकतो. पण ‘जाहिरातीत ६७५ पट म्हटलं आहे, भिंग मात्र ५० मि.मी.चं आहे’ असं लिहिलं, की टाळाटाळ अवघड होते. सोबत भिंगावर पट्टी ठेवून काढलेला फोटो, बिल आणि जाहिरातीच्या पानाचा फोटो जोडा. हा शेवटचा फोटो तक्रारीआधीच काढून ठेवा हं! पानावरचा मजकूर रातोरात बदलता येतो. त्या मुलीच्या बाबांनी असंच पत्र धाडलं, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

पुढचं आई-बाबांसाठी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. (खोका उघडल्याशिवाय भिंग मोजणार कसं?) ज्या कंपनीच्या अ‍ॅपवरून खरेदी केली, तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची नि महिन्याच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. तिथेही भागलं नाही, तर आपल्याच जिल्ह्यातला ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मुलांच्या वतीने पालक तक्रार करू शकतात, फक्त ती २ वर्षांच्या आत करायला हवी.