प्लास्टरच्या आधी ठरवा

लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कामशेत, वडगाव ओलांडून तळेगावला येईपर्यंत तो झपाट्याने उतरतो. म्हणून तळेगावातल्या फ्लॅटचा आराखडा लोणावळ्यातल्या बंगल्याला चालत नाही.

घाटमाथ्यावर नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरका आदळतो. त्या बाजूच्या भिंतीला चिकटून कपाटे घेऊच नका. मागे ओल साचते आणि बुरशी थेट कपड्यांपर्यंत पोहोचते. कपाटे आतल्या भिंतींवर घ्या, मागे हवेला वाट ठेवा. स्वयंपाकघरात आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूडच वापरा. साधा पार्टिकल बोर्ड पाणी शोषून फुगतो. रंग आणि सुतारकाम पावसाळा संपून भिंती सुकल्यावरच काढा, मग वास्तुशांत पुढे गेली तरी चालेल.

पलंग, फ्रिज, गीझर कुठे येणार, हे वायरिंगच्या आधी कागदावर हवे. प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल कुठे मारायचे नाही ते कळते.

घर बिल्डरकडून घेत असाल, तर २०१६ चा रेरा कायदा लक्षात ठेवा: ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ओल दिसली, तर ती पॅनेलिंगखाली झाकू नका. फोटोसह लेखी तक्रार करा.