गंजींतील ताप व यंत्रांतील गोंगाट

मुंबईच्या हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकास तें नांव कापसाच्या व्यापारावरून पडलें. कुलाब्याचा हा व्यापार शिवडीच्या बाजूस आल्यावर तेथें गांठींसाठीं मोठीं गोदामें उभीं राहिलीं. गांठींत शिरलेली ठिणगी कित्येक दिवस आंतल्या आंत धुमसते; वरून हात लावून ती कळत नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां स्फोटकांसमवेत कापसाच्या गांठीही जहाजावर होत्या, हें वाचकांस ठाऊक असेलच.

म्हणून साठ्याच्या पोटांत तापमान मोजणारा संवेदक पुरावा, असें आम्ही सुचवितों. परंतु आंकडा क्षणांत ३४ तर क्षणांत ३९ अंश दाखवूं लागला, कीं मालक यंत्रच खोटें समजून तिकडे पाहणें सोडतो. धोका आहे तो येथें.

थर्मोकपल म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा. 'के' जातीच्या सांध्यापासून एका अंशास सुमारें ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा जवळजवळ पंचवीस हजारावा हिस्सा मिळतो. विवर्धक तो शेंकडोंपट करतो. पण पंपाच्या तारेंतून शिरलेला गोंगाटही तितकाच वाढवितो. कॉटन ग्रीनवरून जाणारी आगगाडीची तारच पहा: पूर्वी तींत १,५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह होता, २०१६ पासून २५,००० व्होल्टांचा, सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. अशा तारेशेजारीं संवेदकाची लांब तार रेडिओच्या एरियलचेंच काम करते.

दोष शोधणें हें जमाबंदीच्या वहींतील चुकीसारखें आहे. एकेक रकाना वेगळा काढावा. प्रथम संवेदक सोडवून विवर्धकाचीं आंत येणारीं दोन्हीं टोकें तारेच्या तुकड्यानें जोडावीं. आंकडा तरीही नाचला, तर विवर्धक बॅटरीवर चालवावा. त्यानें शांत झाल्यास दोष वीजपुरवठ्याचा. विवर्धकाच्या पुरवठ्याच्या पायालगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पहावा. टोकें जोडतांच शांत झाला, तर गोंगाट तारेवाटें येतो. मग दोन्ही तारांस पीळ घालावा, पंपाची तार काटकोनांतच ओलांडावी, आणि जाळीच्या आवरणाचें अर्थिंग एकाच टोकास करावें. दोन्ही टोकांस केल्यास जाळींतूनच प्रवाह फिरूं लागतो. पुष्कळ जण फसतात ते येथेंच.

गंजी कांहीं क्षणांत तापत नाहीं, तेव्हां आंकड्याची घाई नको. विवर्धकापुढें १० किलोओहमचा रोध व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची गाळणी बसविल्यास ५० आवर्तनांचा गोंगाट सुमारें तिसाव्या हिश्शावर येतो. मात्र गोंगाटानें विवर्धक आधींच तुंबला असेल, तर ही गाळणी निरुपयोगी.

इतकें करूनही आंकडा तासातासास चढतच राहिला, तर यंत्र बाजूस ठेवून, पाणी जवळ घेऊन, गंजी उपसावयास माणसें लावावीं.