विश्वासू यंत्रे आणि संरक्षणाचा व्यापार

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून असीरगड उभा आहे. दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक फौजेस त्याच्या छायेखालून जावे लागे. म्हणूनच त्यास दख्खनचा दरवाजा म्हणत. इ. स. १६०० मध्ये अकबराच्या सैन्याने त्यास वेढा घातला. गडाचा तट अभंग राहिला, तरीही जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. कसा, याविषयी एकमत नाही. दरबारी इतिहासकार गडावर माजलेल्या रोगराईकडे बोट दाखवितात, तर जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात सरदारांना दिलेल्या लाचेची हकीकत आहे. लोकांनी मात्र आपला निवाडा केव्हाच करून टाकला आहे : असीरगडाचे दरवाजे सोन्याच्या किल्ल्यांनी उघडले. ज्या बहादुरखान फारुकीने हा गड गमावला, त्याचे नाव शहरालगतच्या बहादरपूर गावाने आजवर राखले आहे.

ही जुनी कथा येथे आठवण्याचे कारण आजच्या संगणकांच्या जगात सापडते. संगणकाच्या संरक्षणशास्त्रात 'ट्रस्टेड' हा शब्द मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. मराठीत त्याचे भाषांतर 'विश्वासार्ह' असे करण्याचा मोह होतो. परंतु ते चुकीचे ठरेल. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००२-०३ च्या सुमारास या विषयावर विस्ताराने लिहिले, तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ त्यांनी स्पष्ट केला होता. ज्याच्या बिघाडाने वा फितुरीने संपूर्ण संरक्षण कोसळते, तो भाग 'ट्रस्टेड'. म्हणजे विश्वास ठेवण्यास जो पात्र आहे तो नव्हे, तर ज्याच्यावर विश्वास ठेवल्यावाचून गत्यंतरच नाही तो. असीरगडाचा किल्लेदार या अर्थाने 'ट्रस्टेड' होता.

संगणकास असा किल्लेदार देण्याची चळवळ १९९९ मध्ये सुरू झाली. कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या पाच बड्या कंपन्यांनी एक संघ स्थापन केला आणि २००३ मध्ये त्याची जागा ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप या संघटनेने घेतली. तिने ज्या लहानशा चिपचे स्वरूप ठरवून दिले, ती टीपीएम या नावाने ओळखली जाते. तिच्या दुसऱ्या पिढीचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चिपचे काम समजण्यास अवघड नाही. यंत्र सुरू होताना त्यातील आज्ञावल्या एकामागून एक जाग्या होतात. पहिली आज्ञावली दुसरीच्या हाती कारभार सोपविण्यापूर्वी तिचे 'माप' घेते. हे माप म्हणजे गणिताने काढलेली एक संख्या होय. मूळ आज्ञावलीतील एक अक्षर बदलले तरी ती संख्या संपूर्ण बदलते. ते माप चिपमध्ये नोंदले जाते. दुसरी तिसरीचे माप घेते, तिसरी चौथीचे. चिपमधील नोंदवहीचा नियम असा की, तिच्यात पुढचे लिहिता येते, मागचे खोडता येत नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच ती कोरी होते. शिवाय ही चिप गुप्त किल्ल्या आपल्या पोटात जपते आणि वहीतील मापे ठरल्याप्रमाणे जुळली तरच त्या वापरू देते. वहीतील नोंदींवर आपली सही करून त्या दूरच्या एखाद्या बँकेस वा कचेरीस पाठविण्याची सोयही तिच्यात आहे.

आता एक गोष्ट सहज लक्षात येईल. ही चिप माप घेते, निवाडा करीत नाही. आलेले माप चांगल्या आज्ञावलीचे की दुष्ट आज्ञावलीचे, हे तिला ठाऊक नसते. ते कोणीतरी सांगावे लागते, हजारो यंत्रांची मापे जपावी लागतात, किल्ली हरवल्यास दुसरी पुरवावी लागते. हे 'कोणीतरी' होण्यातच संरक्षक सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी आपला व्यापार पाहिला. खुद्द यंत्रच पहारा देऊ लागले तर पहारेकऱ्यांचा धंदा बसेल, असा तर्क कोणीही केला असता. घडले ते याहून वेगळे.

अमेरिकेतील वेव्ह सिस्टिम्स ही या वाटेवरची एक आरंभीची प्रवासी. डेलसारख्या उत्पादकांच्या यंत्रांबरोबर तिचे प्राथमिक सॉफ्टवेअर जाई; आणि मोठ्या कचेऱ्यांनी शेकडो चिपांचा कारभार एका जागेवरून पाहावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर ती विकत असे. कल्पना चांगली होती. पण मायक्रोसॉफ्टने २००७ मधील व्हिस्टापासून चिपच्या आधारे तबकडी कुलूपबंद करण्याची बिटलॉकर ही सोय आपल्याच प्रणालीत आणली. वेव्हने २०१६ मध्ये दिवाळे जाहीर केले. नफ्याची कल्पना आणि नफा यांत अंतर असते, ते असे.

याहून मोठा डाव इंटेलने टाकला. चिप बनविणाऱ्या या कंपनीने २०१० मध्ये मॅकॅफी ही संरक्षक सॉफ्टवेअरची कंपनी ७६८ कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. मॅकॅफीचा पहारा इंटेलच्या प्रोसेसरच्या आधारे, प्रणालीच्याही खाली बसवावा, म्हणजे चोर कितीही खोल दडला तरी सापडेल, असा विचार होता. २०११ मध्ये 'डीपसेफ' या नावाने ते तंत्र पुढेही आले. परंतु २०१६ मध्ये इंटेलने मॅकॅफीचा मोठा हिस्सा विकण्याचे ठरविले, तेव्हा त्या धंद्याची किंमत ४२० कोटी डॉलर धरली गेली. चिप आणि पहारेकरी एका छपराखाली आणले म्हणजे लाभ दुप्पट होतो, हे गणित काही जमले नाही.

नफा टिकला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि तो समजण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीनंतर थांबले. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, आणि त्यांतील पुष्कळ यंत्रे फ्लॉपीवरून आलेल्या व्हायरसने बाधलेली असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्या व्हायरसांवर उतारा लिहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यातून 'क्विक हील' जन्मास आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे भाग जनतेस विक्रीस निघाले. मराठी उद्योजकतेची ही हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. तीत एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही : उतारा लिहून तो विकण्यासाठी या बंधूंना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. यंत्राचे सारे दरवाजे तेव्हा उघडे होते. चोराला होते, तसेच वैद्यालाही.

आज तसे नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीच्या गाभ्याला कुंपण घातले, तेव्हा सिमँटेक आणि मॅकॅफी या बलाढ्य कंपन्यांनीच तक्रार केली की, चोरांबरोबर आम्हालाही बाहेर ठेवले जात आहे. २०१२ मधील विंडोज ८ पासून तडजोड निघाली. यंत्र जागे होताना संरक्षक सॉफ्टवेअरचा एक लहान भाग इतर चालकांच्या आधी उठू शकतो, आणि त्याचेही माप चिपमध्ये नोंदले जाते. परंतु हा मान ज्याला हवा, त्याला मायक्रोसॉफ्टच्या मान्यताप्राप्त मंडळात स्थान आणि तिची सही मिळवावी लागते. ज्यांना ती मिळाली, त्यांच्यामागे दरवाजा लागला. चिपमुळे होणारा खरा लाभ हा. नवी वस्तू विकता येते हा त्याचा अर्धाच भाग झाला. नवा प्रतिस्पर्धी सहजासहजी आत येऊ शकत नाही, हा दुसरा. एखाद्या खेड्यातला हुशार विद्यार्थी आज तसाच उतारा लिहील, पण तो यंत्राच्या त्या जागी बसविण्यासाठी त्याला आधी मोठी पायरी चढावी लागेल.

पहारा भाड्याने देण्याची रीतही याच्याशी जोडलेली आहे. चिपने सही केलेला यंत्राचा प्रकृती-अहवाल दररोज तपासणे हे काम संपणारे नसते. म्हणून त्याचे मोल एकदाच घेता येत नाही, दर यंत्रामागे दर महिन्यास वा दर वर्षास घ्यावे लागते. याचे अगदी जवळचे उदाहरण बऱ्हाणपुरातील किऑस्कवर किंवा महाराष्ट्रातील सेवा केंद्रावर पाहावयास मिळते. आधारसाठी अंगठा घेणारी उपकरणे २०१७ पासून 'नोंदणीकृत' असावी लागतात. ठशावर उपकरणाशी जोडलेल्या किल्लीने सही होते, जेणेकरून साठवून ठेवलेला जुना ठसा कोणी पुन्हा वापरू नये. उद्देश योग्यच आहे. पण ही सेवा उत्पादकाकडून चालते, आणि अनेक उपकरणांच्या बाबतीत आरंभीची मुदत संपली की तिचे शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. शुल्क भरले नाही, तर उपकरण धडधाकट असूनही अंगठा पुढे जात नाही. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला यातले काही माहीत नसते. तिला एवढेच कळते की, आज मशीन चालत नाही.

एवढ्या बंदोबस्तानंतर गड अजिंक्य झाला काय? २०२३ च्या मार्चमध्ये स्लोव्हाकियातील ईसेट या कंपनीने 'ब्लॅकलोटस'चा वृत्तांत प्रसिद्ध केला. या दुष्ट आज्ञावलीने विंडोज ११ च्या आरंभीच्या दरवाजावरील तपासणी चुकविली होती, आणि तीही खोटी सही न करता. मायक्रोसॉफ्टचीच खरी सही असलेली, पण सदोष ठरलेली जुनी आज्ञावली तिने पुढे केली. दोष दुरुस्त झाला होता, जुना परवाना मात्र रद्द करावयाचा राहिला होता.

दुसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या संरक्षक कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे चोर कोणी नव्हताच. सही खरी होती, पहारेकरीही मान्यताप्राप्त होता. ती फाइल मात्र यंत्र जागे होतानाच्या मापात येत नव्हती, म्हणून चिपला काही वावगे दिसले नाही. आणि दुरुस्तीस माणसे धावली, तेव्हा पुष्कळ यंत्रांनी त्यांनाच अडविले. दुरुस्तीसाठी नेहमीची वाट सोडून यंत्र सुरू करावयाचे, तर तबकडीचे कुलूप बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागू लागले.

सामान्य माणसाशी या विषयाचा संबंध येतो तो येथे. बहादरपूरच्या एखाद्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घ्यावे. सुताचा हिशेब, कापडाची बिले, जीएसटीची विवरणे हे सारे एका जुन्या संगणकावर चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने दुसऱ्या पिढीची टीपीएम चिप आवश्यक ठरविली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जुने यंत्र चालते आहे, पण नव्या प्रणालीस ते पात्र नाही. ते तसेच ठेवून वर्षाच्या करारावर बाहेरचा पहारा घ्यावा, की नवे यंत्र घ्यावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. बाहेरचा पहारा घेतला तरी प्रणालीतील मूळ भगदाडे तो बुजवू शकत नाही, एवढे विक्रेत्याने सांगावयास हवे. ते तो सांगेलच असे नाही.

नवे यंत्र आणले तर तबकडी बहुधा पहिल्या दिवसापासूनच कुलूपबंद असते, आणि ती ४८ अंकी किल्ली यंत्र बसविताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. लहान गावात हे खाते पुष्कळदा दुकानदार वा त्याचा कारागीर आपल्याच फोनवरून उघडून देतो. मालकाने ते खाते कोणाच्या नावाचे आहे हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून गल्ल्यात नव्हे, तर घरच्या कपाटात ठेवावेत.