चोवीस तास, चोवीस शिखरे : स्कॉटलंडमधील डोंगरधावेचा हिशेब

डोंगरधाव हा खेळ रस्त्यावरच्या किंवा मैदानावरच्या शर्यतींहून एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत मार्ग आयोजकांनी आखलेला असतो आणि धावपटूने तो शक्य तितक्या वेगाने कापायचा असतो. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशातील दीर्घ पल्ल्याच्या धावेत मात्र ठरलेली असतात ती केवळ शिखरे, आणि एका शिखरावरून दुसऱ्यावर कोणत्या सोंडेने उतरायचे, कोणत्या खिंडीतून पलीकडे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यामुळे अनेक शिखरांवरून दिवसभर चालणाऱ्या या धावेत पायांच्या वेगाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व जमिनीच्या जाणकारीला येते. तेथे वेळ कमावला जातो तो फार जोरात धावून नव्हे, तर तो वाया जाऊ न देऊन.

या खेळाची पार्श्वभूमी समजण्यासाठी आधी ‘मन्रो’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. सर ह्यू मन्रो या गिर्यारोहकाने १८९१ मध्ये स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात तीन हजार फुटांहून, म्हणजे सुमारे ९१४ मीटरहून, उंच असलेल्या स्कॉटिश शिखरांची यादी प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून या यादीतील स्वतंत्र पर्वतांना त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. नव्या मोजणीनुसार यादीत वेळोवेळी भर पडली, काही नावे वगळली गेली आणि आज तिच्यात २८२ मन्रो आहेत. त्यांतील सर्वोच्च बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच आहे. १,६४६ मीटरच्या कळसूबाईची सवय असलेल्या महाराष्ट्रातील गिरिप्रेमींना हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु येथे केवळ उंचीवरून अंदाज बांधणे फसवे ठरते. बेन नेव्हिसचा पायथा समुद्रसपाटीला टेकलेला आहे, हा प्रदेश जवळजवळ ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, माथ्यावरचे वार्षिक सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते आणि अटलांटिक महासागरावरून येणारे बाष्प तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस किंवा बर्फ टाकते. माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात एक वेधशाळा चालत असे, आणि तेथे वर्षभर मुक्काम करणाऱ्या निरीक्षकांच्या नोंदींमुळे या हवामानाचे स्वरूप तपशिलाने कळले.

डोंगर चढून जाण्याच्या शर्यतींची परंपरा स्कॉटलंडमध्ये जुनी आहे. अकराव्या शतकात राजा माल्कम कॅनमोर याने वेगवान निरोप्या निवडण्यासाठी ब्रेमार येथील टेकडीवर शर्यत लावली, अशी आख्यायिका सांगितली जाते. पण घड्याळ लावून केलेल्या धावेची बेन नेव्हिसवरची पहिली नोंद १८९५ ची आहे. त्या वर्षी विल्यम स्वान याने फोर्ट विल्यम गावातून माथ्यापर्यंत जाऊन परत येण्यास २ तास ४१ मिनिटे घेतली. १९०३ मध्ये तेथे झालेली शर्यत जिंकली वेधशाळेची वाट दुरुस्त करणाऱ्या कामगाराने, म्हणजे ज्याला त्या डोंगराचा प्रत्येक वळसा रोजच्या कामातून पाठ होता अशा माणसाने. याच काळातील एक नोंद भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यातील हर्कबीर थापा हा गुरखा सैनिक चार्ल्स ब्रूस या अधिकाऱ्याबरोबर स्काय बेटावर गेला असता, १८९९ मध्ये तो तेथील ७७५ मीटर उंचीच्या ग्लामेग या डोंगरावर अनवाणी धावत चढला आणि ५५ मिनिटांत खाली परतला. त्यांतील ३७ मिनिटे चढण्यात गेली आणि अवघी १८ उतरण्यात. ग्लामेगच्या अंगावर सुट्या दगडांचा इतका घसारा आहे की सामान्य माणूस तेथे उतरताना चढण्याइतकाच वेळ घेतो. थापाला तो डोंगर परका होता, परंतु हलत्या दगडावर पाय कसा टाकावा हे हिमालयाच्या उतारांवर शिकलेले ज्ञान परके नव्हते.

एकाच डोंगरावर चढून उतरण्याऐवजी एका दिवसात अनेक शिखरे जोडण्याची कल्पना पुढे ‘फेरी’ या रूपात स्थिरावली. फेरी म्हणजे एका ठिकाणाहून निघून ठरलेली सर्व शिखरे घेत त्याच ठिकाणी परत येणे, आणि तेही चोवीस तासांच्या आत. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहम याने १९३२ मध्ये ४२ शिखरांची अशी फेरी पूर्ण केली होती. स्कॉटलंडमध्ये फिलिप ट्रँटर याने १९६४ मध्ये ग्लेन नेव्हिस या खोऱ्याभोवतीची सर्व मोठी शिखरे एका दिवसात जोडली, आणि १९७८ च्या जुलै महिन्यात चार्ली रॅम्से याने त्या मार्गाला लॉख ट्रेग या सरोवराच्या दोन्ही बाजूंची पाच शिखरे जोडून आज ‘रॅम्से राउंड’ म्हणून ओळखली जाणारी फेरी २३ तास ५८ मिनिटांत पूर्ण केली. तिच्यात चोवीस शिखरे येतात. त्यांपैकी तेवीस मन्रो आहेत, तर उरलेले स्गोर आन यूवर हे शिखर काही वर्षे यादीत राहून १९९७ मध्ये वगळले गेले; यादी बदलली तरी फेरी बदलली नाही.

ग्लेन नेव्हिसमधील युवा वसतिगृहापासून सुरू होणारी ही फेरी दोन्ही दिशांनी करता येते. प्रदक्षिणेच्या दिशेने निघाल्यास आरंभीच बेन नेव्हिसची सलग चढण लागते, मग कार्न मोर जेरग आणि आनोख ही जोडशिखरे ओलांडून ग्रे कॉरीज या लांब डोंगररांगेवरून पूर्वेकडे जावे लागते. लॉख ट्रेगच्या धरणापाशी खाली उतरून पलीकडची शिखरे घ्यावी लागतात, आणि सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पश्चिमेकडे परतताना मॅमोर्स या रांगेतील एकामागून एक येणारी शिखरे थकलेल्या पायांनी चढावी लागतात. एकूण अंतर सुमारे ९३ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ८,७०० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या उंचीला जवळजवळ पोहोचणारा, भरतो.

या आकड्यांचा अर्थ एका जुन्या सूत्राने स्पष्ट होतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातील चालीचा अंदाज बांधण्यासाठी सांगितलेला नियम असा, की नकाशावरील दर तीन मैलांना एक तास धरावा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास मिळवावा. रॅम्से फेरीचे सुमारे ५८ मैल आणि २८,५०० फूट या सूत्रात घातले, तर अंतराचे एकोणीस तासांहून थोडे अधिक आणि चढाचे सव्वाचौदा, असे एकूण साडेतेहतीस तासांच्या वर जातात, आणि त्यांत विश्रांतीचा एक क्षणही धरलेला नसतो. म्हणजे चोवीस तासांत फेरी पूर्ण करू पाहणाऱ्याला धडधाकट गिर्यारोहकाच्या अखंड चालीहून सुमारे दहा तास वाचवावे लागतात. हे दहा तास कोठून येतात, हाच या खेळाचा खरा प्रश्न आहे.

ते चढावर फारसे येत नाहीत. तीव्र चढावर धावण्यापेक्षा चालणे शरीराला स्वस्त पडते आणि म्हणूनच उत्तम धावपटूही तेथे गुडघ्यांवर हात रोवून, कमरेतून पुढे वाकून, लहान पण एकसारखी पावले टाकत चालतात. खरी बचत होते ती सौम्य उतारांवर, सपाट धारेवर आणि शिखरांवर न रेंगाळण्यात. उताराची किंमत मात्र वेगळ्या खात्यावर लिहिली जाते. खाली धावताना मांडीच्या पुढचे स्नायू शरीराचा भार पेलत असतानाच लांबत जातात. अशा प्रकारच्या ताणात श्वासावर ओझे कमी पडत असले, तरी स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती साचत जाते. पहिल्या दहा तासांत जो उतार उधळत उतरतो, त्याला शेवटच्या सहा तासांत उतरणे हेच चढण्यापेक्षा अवघड होते. शरीरातील ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जोराच्या धावेत काही तासांतच संपत येते. म्हणून वेग इतका मध्यम ठेवावा लागतो की चरबीतून मिळणारी ऊर्जा बराचसा भार उचलेल आणि पोटही सतत थोडे थोडे अन्न स्वीकारत राहील.

याखेरीज पायाखालची जमीन दर तासाला बदलते. बेन नेव्हिस आणि कार्न मोर जेरग यांना जोडणारी धनुष्याकार अरुंद धार मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांची आहे आणि तेथे हातांचाही आधार घ्यावा लागतो. ग्रे कॉरीजवर फिकट करड्या क्वार्ट्झाइटचा घसारा आहे, जो ओला झाला की विलक्षण निसरडा होतो. खोऱ्यांत उतरावे तर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर, आणि त्यावर हेदरची दाट झुडपे पाय ओढून घेतात. हरणांच्या वर्दळीने पडलेली अंधुक पायवाट हेरणे, दलदलीच्या वरच्या अंगाने वळसा घालणे, ओढा कोठे ओलांडता येईल हे आधीच जाणणे, अशा बारीकसारीक निर्णयांत मिनिटे वाचतात आणि चोवीस शिखरांच्या अखेरीस त्यांचे तास होतात.

धुक्यात हाच प्रश्न जिवाशी येतो. बेन नेव्हिसचा माथा हे एक खडकाळ पठार असून त्याच्या उत्तरेकडील कड्यांच्या घळी पठारात आतपर्यंत शिरलेल्या आहेत. बर्फ आणि ढग एकत्र आले की कडा कोठे संपतो हे दिसत नाही, म्हणून नेहमीच्या वाटेने उतरणाऱ्यासाठी एक ठरावीक रीत सांगितली जाते : माथ्यावरील सर्वेक्षणाच्या खांबापासून नकाशावरील २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर जायचे आणि त्यानंतरच जवळजवळ पश्चिमेकडे वळायचे. उतावळेपणाने आधीच वळणारा उजवीकडच्या घळीच्या तोंडाशी जातो. पावले मोजत होकायंत्रावर चालण्याचे हे कौशल्य म्हणूनच धावपटूच्या सरावाचा भाग असते, आणि स्कॉटलंडमधील उंच डोंगरांवरच्या शर्यतींत नकाशा, होकायंत्र, शिटी, जलरोधक कपडे आणि राखीव खाऊ बाळगणे सामान्यतः सक्तीचे असते. घामाने भिजलेले शरीर वाऱ्यात थांबले की भर उन्हाळ्यातही त्याचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, हे त्यामागचे कारण.

फेरीसाठी बहुतेक जण जून किंवा जुलै निवडतात, कारण त्या काळात या अक्षांशावर दिवस सुमारे साडेसतरा तासांचा असतो आणि रात्रही पूर्ण काळोखी होत नाही. सोबतीला बहुधा मदतनीस धावपटू असतात. ते पाळीपाळीने येऊन खाणे वाहतात, वाट दाखवतात आणि प्रत्येक शिखरावरची वेळ टिपून ठेवतात. परंतु हा भाग इतका निर्मनुष्य आहे की मदत पोहोचवणेही सोपे नाही. लॉख ट्रेगच्या धरणाजवळपर्यंत मोटार येते. हे सरोवर फोर्ट विल्यमच्या ॲल्युमिनियम कारखान्याला वीज पुरवणाऱ्या प्रकल्पाचा भाग असून त्याचे पाणी बेन नेव्हिसच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याने कारखान्याकडे जाते. सरोवराच्या दक्षिणेस कोरौर नावाचे रेल्वे स्थानक आहे, पण तेथवर सार्वजनिक रस्ताच नाही. खासगी मालकीच्या या विस्तीर्ण जमिनींवरून कोणालाही जाता येते, ते २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर दिलेल्या मुक्त संचाराच्या अधिकारामुळे.

विक्रमांचा इतिहासही जमिनीच्या जाणकारीचीच साक्ष देतो. बेन नेव्हिसच्या शर्यतीत १९५५ मध्ये कॅथलीन कॉनकी ही सोळा वर्षांची मुलगी अधिकृत स्पर्धक नसताना धावली, कारण ही धाव स्त्रियांना झेपणारी नाही अशी समजूत तेव्हा रूढ होती. ती समजूत किती फोल होती हे पुढे दिसले : २०१६ मध्ये जॅस्मिन पॅरिस या पशुवैद्य धावपटूने रॅम्से फेरी सव्वासोळा तासांच्या आत पूर्ण केली, आणि तो केवळ स्त्रियांचा नव्हे तर तोवरचा सर्वांतला वेगवान काळ होता. २०२० मध्ये फोर्ट विल्यम परिसरातच राहणारा डॉक्टर फिनले वाइल्ड याने तो १४ तास ४२ मिनिटांवर आणला. त्याआधी २०१० ते २०१९ अशी सलग दहा वर्षे बेन नेव्हिसची शर्यत त्यानेच जिंकली होती. तरीही त्या शर्यतीचा केनी स्टुअर्ट याने १९८४ मध्ये नोंदवलेला १ तास २५ मिनिटे ३४ सेकंदांचा विक्रम त्याला मोडता आला नाही. दीड तासाच्या धावेत निखळ वेग निर्णायक असतो आणि पंधरा तासांच्या धावेत जमिनीची जाणकारी, हा फरक या दोन आकड्यांतून दिसतो.

विक्रम पंधरा तासांच्या खाली गेला असताना चोवीस तासांची मर्यादा कालबाह्य ठरायला हवी होती, पण तसे झालेले नाही. या फेरीत बक्षीस नाही, पंच नाहीत, आणि पूर्ण केल्याचा पुरावा म्हणजे शिखरांवरच्या वेळांची नोंद व सोबत्यांची साक्ष. अशा व्यवस्थेत मर्यादा कोणाला हरवण्यासाठी नसते, तर तयारी पुरेशी होती की नाही हे तपासण्यासाठी असते. दर तासाला सरासरी एक शिखर ही अट असामान्य पायांच्या धावपटूंपुरती राखीव नाही. नोकरी सांभाळून, महिनोन्‌महिने त्याच धारा आणि त्याच खिंडी पायाखाली घालून, अंधारात व धुक्यात एकदा वाट पाहून ठेवलेल्या माणसालाही ती गाठता येते. स्वतः रॅम्सेच्या हाती अखेरीस दोनच मिनिटे उरली होती आणि चोवीस शिखरांपैकी कोणत्याही एकावर तो थोडा अधिक रेंगाळला असता, तर ही फेरी त्या दिवशी चोवीस तासांत बसली नसती.