घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या किती?



पवन मावळात ऊस नोंदीला फिरताना एका माउलीने आम्हांला विचारले, "साहेब, बारा कोंबड्या हायेत, तरी पोरांना अंडं विकत आणावं लागतं. चुकतं कुठं?"

ओट्यावर बसून हिशेब मांडला. घरात माणसे ६. माणशी आठवड्याला ४ अंडी धरली, तर वर्षाला सुमारे १२५० लागतात. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, खुडूक बसली की तेही थांबते. म्हणजे २० कोंबड्या हव्यात!

हैदराबादच्या संशोधन केंद्राची ग्रामप्रिया जात परसात १६०-१८० अंडी देते. तिच्या ८ पुरतात. पण आपल्याकडचा पाऊस, पिसे झडण्याचा काळ आणि मुंगूस यांसाठी २ जादा धराव्यात. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. मात्र ग्रामप्रिया सहसा खुडूक बसत नाही, म्हणून नवी पिल्ले विकत आणावी लागतात.

खुराडे जमिनीपासून उंच व कोरडे ठेवा, कोंबडीमागे २ चौरस फूट जागा द्या. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. लस चुकली तर सारा हिशेब एका आठवड्यात बुडतो.

आधी पोरांचे ताट, मग बाजार!